हात उचलून घ्यावा

पट्टीवर दोन रेघा उमटल्या आणि सविताच्या पोटात काहीतरी लख्खकन हललं. आनंदच तो. कशाचा, कुठला, हे कळायच्या आधीच येऊन गेलेला, दारातून डोकावून पळालेल्या पोरासारखा. लग्नाला इतकी वर्षं झाली, न्हाणीघराच्या कोनाड्यात तिनं दिवस गेलेत का बघायच्या कितीतरी पट्ट्या उजेडाकडे धरून पाहिल्या होत्या. दरवेळी एकच रेघ. दुसरी रेघ येते का म्हणून डोळे बारीक करायचे, खिडकीशी न्यायची, पुन्हा बल्बखाली धरायची, आणि मग कागदात गुंडाळून टाकून द्यायची. दोन रेघा म्हणजे आहे, हे तिच्या रक्तात असं मुरलेलं. म्हणून शिरूरच्या त्या दवाखान्यात, भर उन्हाच्या दुपारी, डॉक्टरीणबाईंनी विक्रमच्या, काल नळी घालताना निघालेल्या थोड्याशा लघवीची पट्टी उजेडाकडे धरली तेव्हा तिला वाटलं, आहे. आलं. मग लाज वाटली. नवरा आत नळ्यांत गुरफटून पडलाय आणि आपलं पोट हे कुठल्या गावाला निघालंय!

"निगेटिव्ह," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांचं नाव गौतमी. वय तिशीच्या आतबाहेर, केस मागे घट्ट बांधलेले, आवाज असा की जणू समोरच्याला बसायला पाट देतायत. "गांजा नाही निघाला."

"दोन रेघा हायेत की," सविता म्हणाली.

"या पट्टीत दोन म्हणजे नाही. गांजाचा अंश असला की खालची रेघ उमटतच नाही. ही उलटी असते."

"मी काय म्हणत होतो मॅडम?" बापूसाहेब पुढे झाले. हे विक्रमचे थोरले भाऊ, सविताचे दीर, सोसायटीचे संचालक. पांढरे कपडे कडक, दवाखान्यातसुद्धा चार माणसं मागे उभी असल्यासारखे बोलायचे. "आमच्या घरात असलं काय न्हाई. सुपारीचं खांड खात न्हाई आमच्यात कुणी. ऊन लागलंय त्याला. तेवढं ऊन लागलं म्हणून लिहून द्या, आन् आम्ही नेतो घरी."

सविताच्या मांडीवर पर्स होती, पर्सच्या आतल्या कप्प्यात, कंगव्याच्या खाली, एक चकचकीत पुडी होती. हिरवा पोपट छापलेली. काल विक्रमला रिक्षात घालताना तिनंच ती त्याच्या शर्टाच्या खिशातून काढली होती. हात आपोआप गेला होता, जसा नवऱ्याच्या खिशातून रुमाल काढून धुण्यात टाकायला जातो तसा. पुडीचं काय करायचं हे तिनं ठरवलं नव्हतं. आणि आता तर पट्टीच म्हणत होती, नाही. मशीन म्हणतंय, नाही. डॉक्टर म्हणतायत, नाही. मग आपल्या नाकानं काय घेतलं होतं? वाटलं, असेल काही दुसरंच. उदबत्ती असेल. कसली तरी तंबाखू असेल. एकदम अंगावरून थंड पाणी ओतल्यासारखं सुटं वाटलं तिला. आणि त्या सुटकेच्या तळाशी, ताकाच्या तांब्यात खाली बसलेल्या खड्यासारखं, काहीतरी टोचत राहिलं. कारण तो वास तिच्याइतका कुणाला ठाऊक होता?

त्या वासात ती वाढली होती. दौंड तालुक्यातलं राहू तिचं माहेर. भीमेकडून येणारा गार वारा, उसाच्या पाचटाचा वास, आणि त्याच्या आत घडी घालून ठेवल्यासारखा आप्पांच्या चिलमीचा वास. आप्पा म्हणजे मारुतराव, गावच्या भजनी मंडळाचे पखवाजी. दिवसभर रानात राबायचे, तिन्हीसांजेला ओट्यावर बसून एक चिलीम ओढायचे, आणि मग त्यांचा चेहरा सैल व्हायचा, कपाळावरची आठी पुसून जायची. "सवे, कणीक आण," म्हणायचे. ती परातीतून कणकेचा गोळा घेऊन धावायची. पखवाजाच्या धुमेला, म्हणजे डाव्या तोंडाला, ती ओली कणीक थापायची असते, तेव्हा तो पोटातून बोलतो. किती लावायची हे आप्पा बोटानं दाखवायचे. लावून झाली की एक थाप मारायचे आणि हात लगेच उचलायचे, आणि मग तो आवाज ओट्यावरून उतरून, गोठ्यातल्या गाईच्या पाठीवरून, चुलीपर्यंत चालत जायचा. आतून आई जात्यावर बसल्या बसल्या म्हणायची,

"थापंला कणीक, पखवाज घुमतो
हात उचलून घ्यावा, तवा सूर बाई जमतो"

आई स्वतःच जोडायची असल्या ओव्या. आप्पा कधी जास्त ओढून बसले, डोळे मिटून भिंतीला टेकून उगाच हसायला लागले, तर आई रागवायची नाही. आंबट ताकाचा तांब्या नेऊन त्यांच्या हातात द्यायची, वर मिठाची चिमूट. "घ्या. उतरंल. आन् मंग झोपा." आणि उतरायचं. पहाटे आप्पा मोटार सुरू करायला सगळ्यांच्या आधी उठलेले असायचे. शेजारी चुलता होता, तो प्यायचा. तो प्याला की भांडी उडायची, चुलती मागच्या दारानं पळत येऊन सविताच्या आईच्या पाठीमागे बसायची, नाकाला पदर लावून. एका भिंतीच्या अलीकडे धूर आणि पखवाज, पलीकडे बाटली आणि बोंब. लहानपणी जी शिकवण कुणी न शिकवता अंगात बसते ती अशी. बाटली वाईट. चिलीम म्हणजे बापाचा सैल झालेला चेहरा.

म्हणूनच तर तिनं ते वाक्य बोलून टाकलं होतं. आता दवाखान्याच्या बाकावर ते वाक्य तिच्या शेजारी येऊन बसलं, मांडीला मांडी लावून. विक्रम रांजणगावच्या एका कारखान्यात कंत्राटी होता. शिफ्ट दर आठवड्याला फिरायची आणि त्याची झोप त्या शिफ्टच्या मागे धावून धावून कुठंतरी मधेच हरवून गेली होती. दिवसा पडदे ओढून पडायचा, छताकडे बघत. पंख्याच्या पात्यांवर नजर फिरत राहायची. तिची एकेक रेघ कचऱ्यात जात होती, त्याची झोप. दोघं एकमेकांशी फार हळू बोलायला लागले होते, जणू घरात कुणी आजारी आहे. मग तो शिफ्टवरून येताना पोरांबरोबर बसायला लागला, दोनदा वास आला, आणि तिच्या डोळ्यांपुढे चुलतीचा नाकाला लावलेला पदर आला. "पिऊ नकोस," ती म्हणाली होती. "लई झालं तर आमच्या आप्पांवानी एखादा झुरका मार. झोप तरी लागंल. पण बाटली नको, माझी शपथ हाय." त्यानं तिच्याकडे बघितलं होतं, बायको असं बोलते याचा धक्का बसल्यासारखं. मग हसला होता. बऱ्याच दिवसांनी हसला होता तो.

आणि मधले ते महिने बरे गेले, हे खोटं कसं म्हणावं? गॅलरीत उभा राहून ओढायचा, आत येऊन जेवायचा, झोपायचा. ती त्याच्या शर्टाला नाक लावायची आणि तिला राहूचा ओटा दिसायचा. मग कारखान्यानं गेटवर पट्ट्या आणल्या. कुणालाही बाजूला घ्यायचे, लघवीसाठी डबी हातात द्यायचे. विक्रमच्याच लाइनवरचा ईश्वर नावाचा एकजण त्यात सापडला आणि दुसऱ्या दिवसापासून बसमध्ये त्याची जागा रिकामी. विक्रमची पर्मनंटची ऑर्डर तोंडावर आलेली. त्यानं सगळं सोडलं, आणि पुन्हा पंख्याकडे बघत पडायला लागला. मग एके दिवशी ही पोपटाची पुडी घेऊन आला. "हे गेटवर सापडत न्हाई," तो म्हणाला, नव्या मोबाइलचं कौतुक सांगावं तसं. "तीच वस्तू, पण सापडत न्हाई." आणि तिनं काय केलं? तिला गंमत वाटली. गेटवरच्या साहेबांची खोड मोडली असं वाटलं. आपल्या माणसाची झोप परत आली असं वाटलं. वास मात्र जरा वेगळा होता. धूर तोच, पण त्याच्या पाठीमागून रानात फवारणी केल्यावर येतो तसा काहीतरी पिवळा, कडसर वास. गावाकडच्या गल्लीत ओळखीचा माणूस भेटावा, बोलावा, आणि तो निघून गेल्यावर वाटावं की हा तो नव्हताच, तसं. तिच्या नाकाला कळलं होतं. नाकानं सांगितलंही होतं. तिनंच त्याला गप्प बसवलं.

तो आता झोपायचा नाही, पडायचा. छातीवर हात ठेवला तर आत कुणीतरी दार ठोठावतंय असं धडधडायचं. जाग आली की चिडायचा, भाजीला मीठ का, पंखा का, पडदा का. ती म्हणायची, उन्हाळा आहे. एका वेळी पुडीतलं ओढून काहीच व्हायचं नाही आणि दुसऱ्या वेळी त्याच पुडीतल्या तेवढ्याच चिमटीनं तो भिंत धरून खाली बसायचा. ती म्हणायची, पोट रिकामं असेल. माणूस किती गोष्टींना किती नावं देतो! काल सकाळी रात्रपाळीहून आला, गॅलरीत गेला, आणि परत आला तो वेगळाच. उलट्या. मग कोपऱ्याकडे बोट दाखवून, "त्यांना बसायला सांग," असं म्हणायला लागला. कोपऱ्यात कुणी नव्हतं. सविता घाबरली नाही. घाबरली असती तर! ती स्वयंपाकघरात गेली, तिनं विरजणाचं भांडं काढलं, रवीनं ताक घुसळलं, वर मिठाची चिमूट टाकली, आणि आईच्या आवाजात म्हणाली, "घ्या. उतरंल." तो प्यायला, ओकला, पुन्हा पाजलं. अंगाला हात लावला तर तव्यासारखं. ओल्या फडक्यानं पुसत बसली, गुणगुणत बसली, ओवी. सगळा सकाळचा वेळ असा ताकात गेला. मग त्याचा जबडा आवळला, डोळे पांढरे झाले, अंग धनुष्यासारखं वाकलं, आणि जिन्यातून शेजारची माणसं धावत आली.

"तुम्ही कुठल्या म्हणायच्या, मॅडम?" बापूसाहेबांचा आवाज आला. ते खुर्चीत रेलून बसले होते, घाईच नाही अशा बेतानं.

"दौंडची. रेल्वे कॉलनीतली."

"अस्सं! वडील?"

"पॉइंट्समन होते."

"आडनाव काय म्हणालात?"

"मी म्हटलं नाही अजून," डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या आणि फाइलमध्ये काहीतरी लिहीत राहिल्या. "बापूसाहेब, भावाची लघवी कालपासून थांबलीय. पिशवी बघितलीत? सलाईन जातंय, बाहेर काही येत नाही. किडन्या रुसल्यात. फिट पुन्हा येऊ शकते. मी याला सोडणार नाही."

"आमच्या जबाबदारीवर नेतो म्हणलं की. आमचा डॉक्टर हाय गावाकडं, जुना. ऊन लागल्याचं सर्टिफिकेट देतो, आठ दिवसांत पोरगं कामावर. हितं तुम्ही काय-बाय लिहिणार, फिट लिहिणार, नशा लिहिणार, मग कंपनी घेती व्हय त्याला? सविता, सही कर गं. बायकोची लागती म्हणं."

डॉक्टरीणबाईंनी सविताकडे पाहिलं. बापूसाहेबांकडे पाहताना होती ती नजर आता नव्हती. "ऊन लागलं तर असं होतं, खरंय. पण हा घरात होता, पंख्याखाली. मला उलगडत नाहीये, ताई. काही आठवलं तर सांगा. मी पोलीस नाही. कारण कळलं तर पुढे काय वाढून ठेवलंय ते कळतं, एवढंच." आणि त्या आत गेल्या. सविताच्या हातात बापूसाहेबांनी पेन ठेवलं. पेनाचं टोपण उघडंच होतं. तिला वाटलं, पट्टी नाही म्हणतेय. मी कशाला हो म्हणू? हो म्हटलं तर नोकरी गेली. हो म्हटलं तर उद्या विक्रम उठेल आणि विचारेल, तुला कुणी सांगायला सांगितलं होतं? आणि हो म्हटलं तर त्या हो-च्या मागोमाग ते दुसरं वाक्य यायलाच हवं, एखादा झुरका मार. ते कुठल्या तोंडानं सांगायचं?

"आप्पा येतायत," ती म्हणाली. "त्यांना येऊ द्या. मंग करते सही."

आप्पा पारगाव-न्हावऱ्याच्या गाडीनं आले. उतरले ते घामानं भिजलेले, डोक्यावर टॉवेल, हातात पिशवी. पिशवीत स्टीलची किटली, किटलीत काय असणार हे तिनं न विचारताच ओळखलं. ताक. जावयाला काचेतून बघून ते बाहेर आले आणि आवारातल्या कडुलिंबाखाली खाली बसले. एवढे मोठे आप्पा, सावलीत ठेवलेल्या गाठोड्याएवढे दिसले. तिनं इकडेतिकडे बघितलं आणि पुडी त्यांच्या हातात दिली. जगात एकच माणूस होता ज्याच्यापुढे ती ही पुडी उघडू शकत होती. आणि खरं सांगायचं तर तिला उत्तर हवं होतं असं नाही. तिला आप्पांनी म्हणायला हवं होतं की काही नाही गं, सवे.

आप्पांनी चिमटीत घेऊन चोळलं, नाकाशी नेलं. डोळे मिटले. "गांजाच हाय," ते म्हणाले. "कळीचा न्हाई, नुसता पाला दिसतोय. दवा मारल्यागत वास येतोय जरासा. पण आता कशाला दवा मारीत न्हाईत गं लोकं? कोबीला मारत्यात, द्राक्षाला मारत्यात. ह्यानं काय माणूस असा पडत न्हाई. मी जल्म घालवला ह्याच्यात. तुझे दीर म्हणत्यात तेच खरं, ऊन बाधलंय. ने त्याला घरी. ताक आणलंय म्या, आंबट."

किती गोड होतं ते ऐकायला! जसंच्या तसं, शब्दाला शब्द, तिच्या कालच्या सकाळचं. तिनं स्वतःलाच आप्पांच्या तोंडून ऐकलं, आणि कालचा विरजणाचा वास तिच्या नाकात भरून आला. ती पुडीवरून नजर काढेना, तेव्हा आप्पांना वाटलं, पोरीचा विश्वास बसत नाही. त्यांनी बंडीच्या खिशातून चिलीम काढली. छोटी, मातीची, कडा झिजलेली, तिच्या जन्माआधीपासूनची. "थांब. तुझी खात्रीच करून देतो. एक झुरका मारतो आन् सांगतो, हाय का न्हाई." आणि त्यांनी पुडीतली चिमूट चिलमीत भरली, अंगठ्यानं दाबली, काडीपेटी काढली.

सविताचा हात कधी उठला ते तिला कळलं नाही. फाडकन आवाज झाला. चिलीम आप्पांच्या हातातून उडून कडुलिंबाच्या बुंध्यावर आदळली आणि तिचे दोन तुकडे झाले. पाला जमिनीवर सांडला. बापाच्या हातावर लेकीच्या हाताचा वळ. दोघंही त्या वळाकडे बघत राहिले, जणू तिसऱ्याच कुणाचा हात तिथून गेला होता. आप्पांनी आयुष्यात तिला कधी चापट मारली नव्हती.

"सवे," ते एवढंच म्हणाले.

"न्हाई ओढायचं," ती म्हणाली. "तुम्ही न्हाई ओढायचं ते."

आणि तिथंच, त्या वाक्याच्या शेवटाला, तिला सगळं कळलं. जे बापाला एक झुरका देववत नाही ते नवऱ्याला रोज ओढू दिलं. म्हणजे ठाऊक होतं. डोक्याला नसेल, हाताला ठाऊक होतं. हात कधीपासून वाट बघत होता कुणी विचारण्याची. ती खाली बसली, तिनं मातीसकट तो पाला पदरात गोळा केला, पुडी घेतली, आणि वाटेत पेन दवाखान्याच्या बाकावर टाकून आत गेली.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही "मग आधी का नाही सांगितलंत" म्हणाल्या नाहीत. पुडी उलटसुलट करून बघितली, हातमोज्यातल्या बोटानं पाला पसरला. "पुण्यात शिकत होते तेव्हा वॉर्डात असाच एकजण पाहिला होता मी," त्या म्हणाल्या. "त्याचीही पट्टी साफ होती. मला सुचायला हवं होतं." मग त्यांनी सिस्टरला बोलावून एक औषध बंद करायला लावलं, किडनीला जड जातं म्हणून, झटक्याचं औषध वाढवलं, पुण्याला फोन लावला, डायलिसिसची गरज पडली तर गाडी तयार ठेवा म्हणाल्या. हे सगळं होईतो सविता भिंतीला टेकून उभी होती. "हा गांजा न्हाई का मंग?" तिनं विचारलं. "आमचे आप्पा म्हणाले, गांजाच हाय. त्यांना कळतं."

"पाला कसलाही असेल, ताई. त्यावर रसायन फवारलेलं असतं, कुठल्या तरी शेडमध्ये बनवलेलं. आप्पांना वास बरोबर आला, पण त्यांच्या चिलमीत हे कधी आलंच नव्हतं, त्यांना कसं कळणार?" त्या क्षणभर थांबल्या, शब्द शोधत. "हे बघा. मेंदूत काही जागा असतात. गांजातलं द्रव्य त्या जागी जाऊन बसतं, आणि जागा थोडी हलते. थोडीच. कितीही ओढा, एका हद्दीपलीकडे ते तिला हलवू शकत नाही, त्याच्यात तेवढा जोरच नाही. शिवाय त्याच पानात दुसरं एक द्रव्य असतं, जरा आवरून धरणारं. हे रसायन त्याच जागेवर बसतं, पण घट्ट बसतं, आणि जेवढी म्हणून हलेल तेवढी ती जागा हलवून सोडतं. पुरी. काही काही तर शंभर पटीनं जोरकस असतात. वर फवारा सगळीकडे सारखा बसत नाही. एका चिमटीत काहीच नाही, दुसरीत माणूस आडवा. आणि पट्टी शोधते ती गांजाची खूण. ह्याला ती ओळखतच नाही."

"म्हंजी जागा तीच."

"जागा तीच."

"हात येगळा."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे बघितलं. "हो," त्या म्हणाल्या. "तसंच काहीसं. आणि गांजा बरा, असंही मी म्हणत नाहीये हं."

पण सविता राहूच्या ओट्यावर पोचली होती. शिमग्याचा दिवस. पोरं हलग्या बडवत होती आणि तिच्या चुलत भावाला, हौसरावला, हलगी मिळाली नव्हती. तो गुपचूप घरात शिरला, त्यानं खुंटीवरचा पखवाज काढला आणि बाभळीच्या काठीनं बडवायला लागला. तेच तोंड, जिथं आप्पांची थाप पडायची. पहिल्या काठीला केवढा आवाज झाला! सगळी आळी वळून बघायला लागली. सवितासुद्धा टाळ्या पिटत नाचली होती, कारण आप्पांच्या हातून एवढा मोठा आवाज कधी निघाला नव्हता. दुसरी काठी, तिसरी काठी, आणि मग टर्र झालं. चामडं या टोकापासून त्या टोकापर्यंत फाटलं. आप्पा रानातून आले, त्यांनी पखवाज मांडीवर घेतला, फाटलेल्या तोंडावरून बोट फिरवलं. ओरडले नाहीत. "हाताला कळतं रं कुठं थांबायचं," एवढंच म्हणाले हौसरावला. "काठीला न्हाई कळत." हात उचलून घ्यावा, तवा सूर बाई जमतो. आईची ओवी सविताला पाठ होती. पण जात्याची घरघर निघून गेली आणि ओवी नुसती चालीपुरती उरली होती, तोंडात, खडीसाखरेसारखी. तिच्यात काय सांगून ठेवलंय हे बघायला ती थांबली होती कधी?

बाहेर बापूसाहेबांना कळलं तेव्हा त्यांचा आवाज पूर्ण मजल्यावर फिरला. "घराण्याचं नाव घालवलंस! गंजेडी म्हणतील लोकं आमच्या पोराला. कंपनीत उद्या कळंल, ऑर्डर गेली समज. बायको हायेस का वैरीण?" सविता पदर खोचून दाराशी उभी राहिली. थोरल्या दिराशी ती आजवर मान वर करून बोलली नव्हती. "ऑर्डर घ्यायला माणूस तर पायजे ना, भाऊजी," ती म्हणाली. पांढऱ्या सदऱ्याची बाही नीट करत बापूसाहेब खिडकीशी जाऊन उभे राहिले. सगळं ऐकत बाकावर येऊन बसलेले आप्पा मग उठले. किटलीचं झाकण उघडून त्यांनी सगळं ताक कडुलिंबाच्या बुंध्याशी ओतलं होतं, ते तिला खिडकीतून दिसलं होतं. किटली रिकामी होती. "बापूसाहेब," ते हात जोडून म्हणाले, "चूक पोरीची न्हाई. तिनं आमच्या घरात जे बघितलं त्येच खरं मानलं. मलासुदिक आता कळलं न्हवं." बापूसाहेबांनी त्यांच्याकडे बघितलं नाही, पण बाकावरचं पेन उचलून खिशाला लावलं.

ऊन कलायला लागलं तेव्हा सिस्टरनं सविताला आत सोडलं. विक्रमनं डोळे उघडले होते. ओठ फुटलेले, आवाज खरखरीत, पण डोळे त्याचे होते, कोपऱ्यातल्या कुणाकडे बघणारे नव्हते. त्यानं डॉक्टरीणबाईंच्या टेबलाकडे पाहिलं. तिथं पोपटाची पुडी एका पिशवीत सीलबंद करून ठेवली होती, तपासणीला पुण्याला धाडायची म्हणून.

"सांगितलंस?"

"व्हय."

"पट्टीत निघालं न्हवतं ना? दादा मघाशी आत येऊन म्हणाला."

"न्हाई निघालं."

"मंग कशाला सांगितलंस? झालं. बस आता घेऊन." मग हळू, तिरकं म्हणाला, "तूच म्हणाली होतीस. झुरका मार. आता माझी चहाडी करती."

"व्हय. मीच म्हणले होते. त्येबी सांगितलंय त्यांना."

त्यानं तिच्याकडे बघितलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. त्याच्या पाठीशी बोलत बसावं असं तिला वाटलं नाही. ती स्टुलावर बसली. त्याच्या पाठीवर हात ठेवावा म्हणून हात पुढे केला, ठेवला, कातड्याखाली त्याचा श्वास जाणवला, वर, खाली. कालची ती दार ठोठावणारी धडधड आता नव्हती. तिनं हात तिथं दाबून ठेवला नाही. उचलून घेतला. मग बघत बसायला दुसरं काही नव्हतं म्हणून ती पलंगाच्या कडेला लटकलेल्या नळीकडे बघत बसली, खाली लघवीच्या त्या पारदर्शक पिशवीकडे, जी कालपासून घडी घातलेल्या कपड्यासारखी चपटी होती. खिडकीतून तिरपं ऊन येऊन नळीवर पडलं होतं. डोळे बारीक करून ती बघत होती, न्हाणीघरात बघायची तसं, दिसेल का, उमटेल का. किती वेळ गेला कोण जाणे. नळीच्या वळणावर काहीतरी पिवळं चमकलं. आहे का? की ऊन? ती वाकली. गढूळ, चहाच्या पाण्यासारखा एक थेंब, नळीच्या तोंडाशी येऊन थांबला होता, पडावं की न पडावं असं चाललं होतं त्याचं. थेंब फुगला, लांबला, आणि पिशवीत पडला. भिंतीकडे तोंड केलेल्या विक्रमला त्यातलं काही दिसलं नाही. "पाणी दे," तो म्हणाला, तुटकपणे, वळून न बघता. "सिस्टरला विचारते थांब," ती म्हणाली, पण उठली नाही, कारण नळीच्या तोंडाशी दुसरा थेंब धरत होता.